हॉलंड फायनलला जाऊन माती का खातंय?

केशरी१४ :
वर्ल्डकप आला की कोल्हापुरात काय होतंय हे इथं कुणाला सांगायला नको. पेठापेठांत ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनीचे झेंडे, चौकात मेस्सी-रोनाल्डोचे फ्लेक्स, आणि हरलेल्या गल्लीला रात्रभर झोप नाही कारण जिंकलेली गल्ली फटाके घेऊन मुद्दाम तिथंच येते. आमच्या घरात मात्र हॉलंड. त्यात केशरी झेंडा लावला तरी कुणाला काही कळत नाही, शेजारच्या काकूंनी विचारलं, शिवजयंतीचा अजून काढला न्हाई व्हय?

तर प्रश्न असा. १९७४, १९७८, २०१०. तीनदा वर्ल्डकपची फायनल आणि तिन्ही वेळा हात हलवत परत. क्रायफ, नीस्केन्स, क्रोल, रॉबेन, स्नायडर असली माणसं असून. माझं मत म्हणाल तर ही टीम फायनल डोक्यात हरते. सेमीपर्यंत मोकळी खेळते आणि फायनलला कुणालातरी काहीतरी दाखवायला जाते. ७४ ला जर्मनांना हिणवायला गेले, २०१० ला मारामारी करायला गेले. रेफ्री, नशीब हे सगळं नंतरचं. कुणाला पटतंय का बघा. आणि क्रिकेटवाल्यांनी कृपया दुसरा धागा काढावा.

मंगळवारकर_१० :
७८ ला आम्ही हरवलं म्हणून हरले. एवढं सोपं हाय. धागा बंद करा.

विषय_हार्ड :
आम्ही म्हणजे मंगळवार पेठ का अर्जेंटिना?

मंगळवारकर_१० :
दोन्ही एकच हाय भावा.

बिंदूचौक_ब्राझील :
हॉलंडनं फायनलपर्यंत पोचायलाच आमची परवानगी लागते. ९४ ला क्वार्टरला ३-२ नं आम्हीच बाहेर काढलं, ९८ ला सेमीत पेनल्टीवर आम्हीच. २०१० ला तेवढं आमच्या फेलिपे मेलोनं घाण केली, रॉबेनच्या मांडीवर पाय दिला आणि रेड कार्ड घेऊन गेला, नाहीतर तिसरी फायनल पण झाली नसती आणि तुम्हाला हा धागा पण काढायला लागला नसता.

तालमीतला_आण्णा :
केशरी, विषय चांगला काढलास. ७४ ला आमच्या घरी टीव्ही नव्हता, स्कोअर पेपरात वाचला एवढंच. पूर्ण मॅच बघितली ती फार वर्षांनी, पोरानं मोबाईलवर लावून दिली तेव्हा. पण बघितली ती नीट बघितली, थांबवून थांबवून.

म्युनिक, ७ जुलै. हॉलंडनं किकऑफ केला आणि बॉल आपल्यातच फिरवत राहिले. मागं, आडवा, परत मागं. क्रायफ मागं हाफलाइनपाशी आला, तिथनं बॉल घेऊन जो सुटला तो फोग्ट्सला मागं टाकून पेनल्टी बॉक्सपर्यंत, आणि ऊली होनेसनं पाय घातला. पेनल्टी. नीस्केन्सनं सरळ मधे हाणली, जर्मनीचा गोलकीपर मायर उजवीकडं गेला. त्या मॅचमधे जर्मनीच्या माणसाचा बॉलला पहिला हात लागला तो मायरनं जाळ्यातनं काढताना. विचार करा, अजून एकाही जर्मन प्लेअरनं बॉलला पाय लावलेला नाही आणि १-०.

आणि माझ्या मते तिथंच घात झाला. पुढची वीस-पंचवीस मिनिटं बघा. दुसरा गोल मारायला कुणी जायलाच तयार नाही. नुसता बॉल फिरवालेत. हॉलंडच्या व्हान हानेगेमच्या घरातली माणसं दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात गेलेली, बाप आणि भावंडं, जर्मनांवरचा राग त्यानं कधी लपवलेला नाही. त्यामुळं जिंकण्यापेक्षा त्यांची जिरवण्यात मजा वाटालती असं मला दिसतंय. मग २५ व्या मिनिटाला होल्झेनबाइन पडला, ब्राइटनरनं पेनल्टी मारली, १-१. आणि हाफटाइमच्या दोन मिनिटं आधी गेर्ड म्युलर, पाठ गोलकडं, बॉल थोडा मागं राहिलेला, तो वळला आणि जमिनीलगत सरकवला. काही जोर नाही त्यात. क्रोलच्या पायाजवळनं गेला आणि जाळ्यात. दुसऱ्या हाफात हॉलंडनं रेटलं खरं पण तोवर मायर देवाचा माणूस झालेला.

शाहू स्टेडियमवर सुद्धा हे किती वेळा बघितलंय, दुसऱ्या मिनिटाला गोल मारलेली टीम नंतर सगळी मॅच घड्याळाकडं बघत बसते.

जाळ्यापुढचा :
आण्णा म्युलरच्या गोलचं वर्णन एक नंबर. त्यात हॉलंडचा गोलकीपर जोंगब्लूडची चूक होती काय? तो जागेवरनं हललाच नाही.

तालमीतला_आण्णा :
त्याला बॉल दिसलाच उशिरा, मधे क्रोल होता. तू गोलकीपर, तुला माहीत असणार. बाकी जोंगब्लूडचा नंबर ८ होता हे किती जणांना ठाऊक आहे? हॉलंडनं आडनावाच्या अक्षरांप्रमाणं नंबर वाटले होते, एकट्या क्रायफला त्याचा १४ दिला. आणि सगळ्यांच्या शर्टावर आदिदासचे तीन पट्टे, त्याच्या शर्टावर दोन, कारण त्याचा करार प्यूमाशी.

विषय_हार्ड :
गोलकीपरला ८ नंबर. आपल्यात असं केलं असतं तर गॅलरीनं आधी टीम मॅनेजरला बाहेर काढला असता.

पुणेरी_पाहुणा :
चर्चा छान आहे, पण मला "डोक्यात हरते" हे कारण फार ढोबळ वाटतं. हरलेल्या कुठल्याही टीमला ते चिकटवता येतं. साधी गोष्ट बघा, तीनपैकी दोन फायनल यजमान देशाविरुद्ध त्याच्याच मैदानात होत्या. उरुग्वे १९३०, इटली १९३४, इंग्लंड १९६६, पश्चिम जर्मनी १९७४, अर्जेंटिना १९७८, फ्रान्स १९९८, हे सगळे घरी फायनल खेळले आणि जिंकले. घरच्या फायनलमध्ये हरलेला यजमान म्हणजे १९५८ चा स्वीडन, आणि समोर कोण तर पेलेचा ब्राझील. १९५० ला ब्राझील उरुग्वेकडून घरी हरला, पण ती नियमाप्रमाणे फायनल नव्हती, साखळीतली शेवटची मॅच होती. म्हणजे ७४ आणि ७८ ला हॉलंडच्या जागी दुसरं कुणीही असतं तरी बहुतेक हेच झालं असतं. उरली एक २०१०. एका मॅचवरून अख्ख्या देशाची मानसिकता काढायची?

मंगळवारकर_१० :
पुण्याची माणसं फुटबॉलवर पण एवढं व्यवस्थित बोलतात व्हय.

पुणेरी_पाहुणा :
सासुरवाडी राजारामपुरी आहे. शिकलो.

केशरी१४ :
पाहुणे, यजमानाचा मुद्दा मान्य. पण ७४ ला ग्राउंडवर दिसलेला माज यजमानानं घातलेला नव्हता. त्याआधी त्याच टीमनं अर्जेंटिनाला ४-० मारलंय (मंगळवारकर, वाचताय ना), ब्राझीलला २-०. त्या दोन मॅचमधे १-० झाल्यावर कुणी थांबलं नव्हतं. फायनललाच का थांबले? आणि हाफटाइमला क्रायफ रेफ्रीशी हुज्जत घालत गेला आणि पिवळं कार्ड घेऊन आला. कॅप्टननं करायची गोष्ट आहे काय ही?

मंगळवारकर_१० :
वाचलं. ७८ चं पण लिहा की जरा.

जाळ्यापुढचा :
७८ चं मी लिहितो. ती मॅच मला सगळ्यात जास्त लागते आणि मी हॉलंडवाला पण नाही.

ब्युनोस आयर्स. हॉलंडची टीम ग्राउंडवर येऊन उभी आणि अर्जेंटिना येतच नाही. मुद्दाम उशीर. आले ते आल्या आल्या तक्रार, रेने व्हान डे केरकोफच्या हाताला प्लास्टर आहे ते चालणार नाही. आधीच्या मॅचमधे तेच प्लास्टर चाललं होतं. हॉलंडवाले म्हणाले मग आम्ही चाललो. शेवटी प्लास्टरवर अजून पट्टी गुंडाळून मॅच सुरू. केम्पेसनं ३८ व्या मिनिटाला मारला, नानिंगानं ८२ व्याला हेडरनं बरोबरी केली. आणि ९० व्या मिनिटाला क्रोलनं मागनं लांब फ्रीकिक टाकली, रेनसनब्रिंक डावीकडनं धावत आला, अर्जेंटिनाचा गोलकीपर फिलोल बाहेर आलेला, रेनसनब्रिंकनं पायाच्या टोकानं बॉल ढकलला, अँगल एवढासा, आणि बॉल पोस्टला लागून परत. परत म्हणजे गोललाइनच्या बाहेर, ग्राउंडमधे. तिथं कुणी पोचला असता तरी काम झालं असतं. पुढं एक्स्ट्रा टाइममधे केम्पेस, बर्टोनी, ३-१.

ह्यात डोक्याचा काय संबंध? पोस्टला लागलेला बॉल आहे तो. चार इंच आत असता तर आज आपण अर्जेंटिना घरी का हरली ह्यावर बोलत असतो. आणि त्या टीममधे क्रायफ पण नव्हता.

मृणाल_राजारामपुरी :
क्रायफ का गेला नाही ह्यावर किती वर्षं लोक बोलत होते, कुणी म्हणे लष्करी राजवटीचा निषेध, कुणी म्हणे बायकोनं सोडलं नाही. २००८ मधे त्यानं स्वतः सांगितलं की बार्सिलोनात त्याच्या घरात लोक घुसले होते, डोक्याला बंदूक लावली होती, बायको-पोरं घरात. त्यानंतर घरातल्यांना सोडून महिनाभर लांब जायची त्याची मनस्थिती नव्हती. तीस वर्षं माणूस गप्प बसला.

आणि सगळे दादालोक विसरलेत म्हणून सांगते, हॉलंडच्या बायकांनी २०१७ चा युरो जिंकलाय. फायनलला डेन्मार्कला ४-२. म्हणजे "हॉलंड फायनल हरतं" हे वाक्य अर्ध्या हॉलंडला लागू नाही.

पुणेरी_पाहुणा :
मृणालताई, आणि तो युरो हॉलंडमध्येच होता. माझ्या यजमान थिअरीला अजून एक.

मृणाल_राजारामपुरी :
हो का. २०१९ च्या वर्ल्डकप फायनलला त्याच बायका अमेरिकेकडून २-० हरल्या, तो फ्रान्समधे होता, तेव्हा तुमची थिअरी कुठं गेली? समोरची टीम चांगली होती एवढंच. कधी कधी तेवढंच असतं.

सोळा_आणे :
+१. मिसळीचा कट जास्त झाला तरी लोक तब्येतीला दोष देतात.

साखर_कारखाना :
क्रिकेट नको म्हणालात तरी एकच वाक्य. २०२३, सलग दहा जिंकून अहमदाबादला फायनल, स्वतःच्या घरी, आणि हरलो. पाहुण्यांची थिअरी तिथंच बुडाली.

केशरी१४ :
साखर, दुसरा धागा म्हटलं होतं.

तालमीतला_आण्णा :
जाऊ दे रे केशरी, जखम ओली आहे.

गंगावेश_कट्टा :
मला वेगळंच वाटतंय. ह्या टीमची भांडणं बघा. ९० ला प्लेअरांना क्रायफ कोच पाहिजे होता, मिळाला बीनहाकर, टीम एकही मॅच न जिंकता सेकंड राउंडला आली आणि जर्मनीनं काढली, त्यात रायकार्ड फोलरवर दोनदा थुंकला. ९४ ला वर्ल्डकपच्या तोंडावर गुलिट कॅम्प सोडून घरी गेला. ९६ च्या युरोत डाव्हिड्सला कोचनं मधनंच घरी पाठवला. तालीम मंडळाच्या मीटिंगला जशी सगळेच अध्यक्ष असल्यागत बोलतात तसला कारभार. प्रत्येक प्लेअरला कोचपेक्षा जास्त कळतंय. एवढी अक्कल असलेली माणसं एकत्र ठेवली की महिनाभर टिकत नाहीत.

विषय_हार्ड :
कुठल्या मंडळाची मीटिंग? नाव घ्या की.

गंगावेश_कट्टा :
नाव घेतलं तर उद्या दूध प्यायला कट्ट्यावर यायला लागतंय मला.

बिंदूचौक_ब्राझील :
पेनल्टीवर कुणीच बोलेना. ९२ च्या युरोत डेन्मार्क, ९६ ला फ्रान्स, ९८ ला आम्ही, २००० ला इटली, २०१४ ला अर्जेंटिना, २०२२ ला परत अर्जेंटिना. मधे २००४ ला स्वीडन आणि २०१४ ला कोस्टारिका एवढेच दोन जिंकले. वर्ल्डकप-युरो धरून २०२२ पर्यंत आठ शूटआउट आणि सहा हरलेत. मुळात हाच रोग आहे.

जाळ्यापुढचा :
ह्यातली २००० ची सगळ्यात अवघड. घरी सेमी, इटली हाफटाइमच्या आधीपासनं दहा माणसांत, मॅचमधेच दोन पेनल्टी मिळाल्या. फ्रँक डे बूरची टोल्डोनं अडवली, क्लायवर्टनं पोस्टला मारली. मग शूटआउटला परत डे बूर आला आणि परत टोल्डोनं अडवली. पाहुणे, घरी होते हं हे.

पेनल्टीचं माझं निरीक्षण सांगतो, पटलं तर घ्या. मी पेठेतल्या टीमकडनं बरीच वर्षं जाळ्यात उभा होतो. मारणारा बॉल ठेवतो, सरळ होतो, आणि परत वाकून बॉल जरा फिरवतो, व्हॉल्व्ह कुठं आलाय बघितल्यासारखं. फिरवला की समजायचं ह्याचं अजून ठरलेलं नाही. असला माणूस पळत येताना शेवटच्या पावलाला एकदा तुमच्याकडं बघतोच, आणि तेवढा वेळ जो गोलकीपर थांबला त्याला बॉल मिळतो. जो ठरवून आलाय तो बॉल ठेवतो आणि वळून चालायला लागतो, त्याचं काय करू शकत नाही. गॅलरीचा आवाज, शिव्या, शिट्ट्या हे सगळं मारणाऱ्याला असतंय, गोलकीपरला नाही. गोलकीपर हरला तर कुणी काही म्हणत नाही.

तालमीतला_आण्णा :
गड्या, हे पोरांना शिकवायला पाहिजेस तू.

सोळा_आणे :
सगळं झकास पण हॉलंडच्या तीन फायनलपैकी एकही पेनल्टीवर गेलेली नाही. विषय काय आणि बोलालाय काय.

बिंदूचौक_ब्राझील :
च्यायला.

केशरी१४ :
सोळा आण्याची गोष्ट. पण जाळ्यापुढच्यानं लिहिलेलं वाया जाऊ नये, २०१४ ची आठवण आली. क्वार्टरला व्हान गालनं १२० व्या मिनिटाला दुसरा गोलकीपर क्रुलला खास पेनल्टीसाठी आत घातला, त्यानं दोन अडवल्या. सेमीला तिन्ही बदली आधीच वापरलेल्या, क्रुल बाहेर बसून बघत राहिला आणि रोमेरोनं फ्लार आणि स्नायडरच्या अडवल्या. आता ह्याला काय म्हणायचं?

आता २०१० वर या. माझा मूळ राग तोच आहे. फायनलपर्यंत सगळ्याच्या सगळ्या सहा मॅच जिंकून आले आणि फायनलला डे योंगनं स्पेनच्या अलोन्सोच्या छातीत बूट घातला. लाल कार्ड न मिळणं हेच नवल. १४ पिवळी कार्डं निघाली, ९ हॉलंडची, त्यात हायटिंगाची दोन धरून. क्रायफनं स्वतः त्या खेळाला नावं ठेवली. ज्या क्रायफनं बार्सिलोना घडवलं त्याच बार्सिलोनाची पोरं समोर, म्हणजे हॉलंड हॉलंडकडूनच...

विषय_हार्ड :
थांबा. "हॉलंड हॉलंडकडूनच हरलं" हे वाक्य प्रत्येक लेखात असतंय. काढा ते.

केशरी१४ :
काढणार नाही. खरंय ते.

मृणाल_राजारामपुरी :
पण मारामारी केली म्हणून हरले हे पटत नाही मला. त्या स्पेनशी त्यावेळी मोकळं खेळून कोण जिंकत होतं? जर्मनी सेमीला शांतपणे खेळली आणि १-० नं गेली. कोच व्हान मार्वाइकचा प्लॅन घाण होता पण प्लॅन चालत होता की, ११५ मिनिटं ०-० होतं. ६२ व्या मिनिटाला स्नायडरनं मधनं पास काढला, रॉबेन एकटा, समोर फक्त कासियास, आणि बॉल त्याच्या पायाच्या टोकाला लागून बाहेर. तो गेला असता तर हाच प्लॅन लोकांनी डोक्यावर घेतला असता. शिवाय इनिएस्ताच्या गोलच्या जरा आधी स्नायडरची फ्रीकिक स्पेनच्या माणसाला लागून बाहेर गेली, कॉर्नर द्यायचा तर गोलकिक दिली.

तालमीतला_आण्णा :
८३ व्या मिनिटाचं पण बोला. रॉबेन परत सुटला, पुयोलनं मागनं धरलेलं, तरी हा पडला नाही, पळतच राहिला आणि कासियासनं बॉल उचलला. पुयोलला आधीच एक पिवळं होतं. पडला असता तर स्पेन दहा माणसांत.

विषय_हार्ड :
जो रॉबेन २०१४ ला मेक्सिकोसमोर हवेच्या झुळुकीनं पडत होता तो नेमका त्या दिवशी पडला नाही. पडायच्या वेळी पडला नाही आणि नको तिथं पडला, हेच उत्तर आहे धाग्याचं.

मंगळवारकर_१० :
नाद खुळा हाहाहा

पुणेरी_पाहुणा :
रॉबेन प्रामाणिक राहिला म्हणून हरला, हे कारण मी आत्तापर्यंत ऐकलेलं नव्हतं.

तालमीतला_आण्णा :
केशरी, तुझ्या मूळ प्रश्नाला धरून शेवटचं लिहितो, मग झोपतो. "फायनलला डोक्यात हरते" म्हणतोस तर ८८ च्या युरोचं काय करणार? तेच म्युनिक, तेच स्टेडियम, तोच कोच मिखेल्स. रशियाला २-० मारलं, गुलिटचा हेडर आणि व्हान बास्टेनची ती व्हॉली, जिथनं कुणी मारायचा विचार पण करत नाही. बेलानोवची पेनल्टी व्हान ब्रूकेलेननं अडवली. पण एक गोष्ट लक्षात घे, त्याच रशियाकडनं त्या स्पर्धेतली पहिलीच मॅच ते १-० हरले होते, आणि व्हान बास्टेन त्या मॅचला सुरुवातीला बाकावर होता. पहिल्याच मॅचला आपटलेली टीम होती ती. सेमीला जर्मनीला त्यांच्याच घरी हरवलं तेव्हा सुद्धा आधी एक गोल खाल्ला होता. ७४ च्या टीमला फायनलपर्यंत कुणी ठोसाच दिला नव्हता, सहा मॅचमधे एक गोल खाल्लेला, तो पण आपल्याच माणसानं घातलेला. पहिला दणका बसला तो फायनलमधे, २५ व्या मिनिटाला, आणि मग काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. २०१० ची टीम पण सहाच्या सहा जिंकूनच आलेली. ७८ ची तेवढी वेगळी, ती साखळीत स्कॉटलंडकडनं हरून आलेली आणि तीच पोस्टपर्यंत पोचली.

जाळ्यापुढचा :
आण्णा, म्हणजे साखळीत एक मॅच हरून यायची?

तालमीतला_आण्णा :
मुद्दाम हरायला कोण सांगतंय. पण माझ्या हातात टीम असती तर फायनलच्या आधी प्रॅक्टिसला मी त्यांना एक गोल मागं ठेवूनच खेळवलं असतं.

गंगावेश_कट्टा :
आणि अकराजण म्हणाले असते आण्णांना काय कळतंय.

तालमीतला_आण्णा :
म्हणालेत की. बऱ्याचदा.

केशरी१४ :
आण्णांचं बरंचसं पटलं. तरी ७४ ला माज होता ह्यावर मी ठाम आहे, दणका बसेपर्यंत वीस मिनिटं हातात होती त्यांच्या. असो. शनिवारी रात्री ७४ ची पूर्ण मॅच लावतोय, यायचं त्यांनी मेसेज करा, रस्सा घरचा. वेळ उरला तर ७८ पण लावू. मंगळवारकर तुम्ही पण या, फक्त ७८ मी ८९ व्या मिनिटाला बंद करणार.

मंगळवारकर_१० :
चालतंय. मी एक्स्ट्रा टाइम मोबाईलवर घेऊन येतो.